दाभोळ कुणी संपवलं? वाशिष्ठीच्या मुखाशी एक दिवस

आजच्या भागात आपण एका बंदरात दिवसभर फिरणार आहोत. बंदर आपल्याच जिल्ह्यातलं, रत्नागिरीतलं. आणि तरी मी पैज लावून सांगतो, की हा भाग ऐकणाऱ्या निम्म्या लोकांनी ते बंदर फक्त फेरीबोटीतून गाडी उतरवताना पाहिलेलं असेल. गाडी धक्क्यावरून वर चढली, की आपण थेट दापोली नाहीतर मुरुडच्या किनाऱ्याला लागतो. तर आज गाडी धक्क्याजवळच लावायची आणि दाभोळात चालत फिरायचं.

मागच्या एका भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, की आपल्याकडे अलेक्झांड्रिया, व्हेनिस, जिनोआ यांच्यासारखी बंदरं का नाहीत? तिकडे भूमध्य समुद्रावर माणूस एक दिवसाचं तिकीट काढून जुन्या बंदरात हिंडतो, दीपस्तंभ बघतो, जुनी जकातघरं बघतो. आपल्याकडे काय? माझं उत्तर असं, की आपल्याकडे होती. नुसती होती असं नाही, तर त्या भूमध्य समुद्रावरच्या बंदरांशी ती बांधलेली होती. अलेक्झांड्रियात मालाचा तुटवडा झाला, तर त्याची झळ कोकणात लागायची. दाभोळ तर त्या झळीत अक्षरशः जळालं.

आधी रस्ता. रत्नागिरीहून दाभोळला जायचे दोन मार्ग. एक महामार्गाने चिपळूण, तिथून पुढे. दुसरा समुद्राच्या कडेकडेने: गणपतीपुळे, जयगड, तिथं पहिली फेरीबोट पकडून शास्त्रीची खाडी ओलांडायची, पलीकडे तवसाळ, मग हेदवी, गुहागर, धोपावे, आणि तिथं दुसरी फेरीबोट. घाई नसेल तर दुसराच मार्ग घ्या. कारण कोकणातलं बंदर समजायचं असेल तर आधी खाडी समजावी लागते, आणि खाडी समजते ती तिच्या काठाशी येऊन गाडीचं इंजिन बंद करून वाट बघत बसावं लागतं तेव्हा. रस्ता संपला, पुढे पाणी. आजही इथं उत्तर-दक्षिण प्रवास म्हणजे एकामागून एक खाड्यांना वळसे घालणं किंवा त्या ओलांडणं. म्हणून जुन्या काळी माणसं आणि माल किनाऱ्याला समांतर जमिनीवरून फारसे जातच नसत. समुद्राने जात, नाहीतर खाडीने आत शिरून घाट चढत. समुद्रातून खाडीत, खाडीतून घाटावर, ही वाट डोक्यात पक्की ठेवा, पुढे सगळ्या भागात ती लागणार आहे.

धोपाव्याला फेरीबोटीची वाट बघताना समुद्राच्या बाजूला अंजनवेलची टेकडी. तिथं गोपाळगड, आणि त्याच गावाच्या हद्दीत तो प्रसिद्ध वीजप्रकल्प. गंमत बघा. एन्रॉनच्या कंपनीचं नाव होतं दाभोळ पॉवर कंपनी. १९९२ साली करार झाला, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांत ‘दाभोळ’ हे नाव छापून आलं. आणि प्रकल्प दाभोळात नाहीच! तो खाडीच्या या बाजूला, गुहागर तालुक्यात. दाभोळ समोरच्या काठाला, दापोली तालुक्यात. गेल्या तीसेक वर्षांत दाभोळच्या नावावर जे काही बरं-वाईट जमा झालं, त्यातलं बरंचसं पलीकडच्या काठाचं आहे. पण परदेशी कंपनीने हेच नाव का उचललं असावं, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. बहुतेक साधं कारण: सागरी नकाशांवर या खाडीचं नाव शेकडो वर्षं दाभोळच आहे.

फेरीबोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. मधोमध पोहोचलात की जरा कठड्याशी उभे राहा. डावीकडे मुख, त्याच्यापलीकडे अरबी समुद्र. उजवीकडे वाशिष्ठी आत आत वळत गेलेली. ही खाडी भरतीच्या पाण्यावर गलबतांना पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत नेत असे. गोवळकोटला माल उतरला, की तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट, घाटावर कऱ्हाड, मग मिरज, आणि पुढे विजापूर किंवा बिदर. सह्याद्रीतून वर जाणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत, पण खोल खाडी आणि बऱ्यापैकी सोपा घाट एकाच रेषेत येतात अशा जागा मोजक्याच. दाभोळचं भाग्य या एका रेषेत होतं.

आता धक्का. मासेमारीच्या होड्या, वाळत घातलेली जाळी, बर्फाचे तुकडे, सुकटीचा वास. आणि त्याच्या अगदी मागे, नारळाच्या झाडांतून वर आलेला एक मोठा घुमट. ही शाही मशीद. गावात कुणाला विचाराल तर ‘अंडा मशीद’ म्हणतील, घुमटाच्या आकारावरून. कागदोपत्री ‘माँ साहेबा मशीद’ असंही नाव सापडतं. उंच जोत्यावर काळ्या दगडाची इमारत, चार कोपऱ्यांवर मिनार, पुढे कमानी, अंगणात हौद. विजापूर पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येईल, की ही त्याच घराण्याची शैली आहे. १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरने तिची उंची सुमारे ७५ फूट दिली आहे, आणि दक्षिण कोकणात या धर्तीची धडकी अशी ही एकच वास्तू आहे असं म्हटलंय. खरंच, रत्नागिरी जिल्ह्यात तुम्ही कुठेही हिंडा, चिरा, कौलं, लाकडी खांब दिसतील. असा घुमट दिसणार नाही. जांभ्याच्या मुलखात कुणीतरी विजापूरचा एक तुकडा आणून ठेवलाय असं वाटतं. मला ती इमारत म्हणूनच महत्त्वाची वाटते: हा घाटाच्या वरच्या टोकाचा पुरावा खालच्या टोकाला उभा आहे.

तिची गोष्ट अशी सांगतात. विजापूरची राजकन्या आयेशाबिबी मक्केला जायला म्हणून दाभोळला आली. बरोबर लाखो रुपये आणि मोठा लवाजमा. पण समुद्रात चाच्यांची भीती, त्यामुळे जाणं रद्द झालं. मग काजी-मौलवींनी सल्ला दिला, की हा पैसा धर्मकार्यालाच लावा. चार वर्षं काम चाललं, कामिलखान नावाच्या माणसाने मशीद बांधली, घुमटाला सोन्याचा मुलामा, वर सोन्याची चंद्रकोर. साल १६५९ सांगतात.

आता या गोष्टीला जरा बोट लावून बघू. १६५९ हे साल विजापूरसाठी कसलं होतं? नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला. खानाच्या मालकीची जहाजं याच दाभोळ बंदरात होती. खान पडल्यावर ती इथून राजापूरकडे हलवली गेली, आणि त्यांच्यावरून राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांचं आणि शिवाजी महाराजांच्या माणसांचं १६६०च्या जानेवारीत वाजलं. १६६१च्या सुरुवातीला तर दाभोळ स्वराज्यात आलं. म्हणजे १६५९ ला सुरू करून शांतपणे चार वर्षं बांधकाम, हे काही त्या घडामोडीत बसत नाही. साल मागे-पुढे झालं असणार, किंवा ‘चार वर्षं’ हा लोककथेचा आकडा असणार.

आणखी एक धागा. मुहम्मद आदिलशहाची विधवा, खदिजा सुलताना, जिला बडी साहिबा म्हणत, ती खरोखरच १६६१ मध्ये डचांच्या जहाजातून मोख्याला आणि तिथून हजला गेली. ‘बडी साहिबा’ आणि ‘माँ साहेबा’. राजघराण्यातली स्त्री, मक्केची वाट, समुद्राची धास्ती, परक्यांच्या जहाजाचा आधार. माझा आपला अंदाज असा, की दाभोळच्या दंतकथेत या खऱ्या प्रवासाची सावली मिसळली आहे. पुरावा म्हणाल तर नाही. पण गोष्टीतलं सोनं बाजूला ठेवलं, तरी एक वस्तुस्थिती उरते: आदिलशाहीसाठी मक्केचा दरवाजा कोकण किनाऱ्यावर होता, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो दरवाजा आदिलशहाच्या स्वतःच्या हातात उरला नव्हता.

हे असं का झालं, त्यासाठी दोनशे वर्षं मागे जाऊ.

१४७०च्या आसपास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी आपल्याकडे भटकत होता. गाव त्वेर, व्होल्गाच्या काठचं. वाटेत लुटला गेला, कर्ज झालं, म्हणून पुढे पुढे सरकत चौलला उतरला, बरोबर विकायला एक घोडा. जुन्नरच्या सरदाराने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दटावलं. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो सुटला. घोडा शेवटी बिदरला विकला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, त्यामुळे रायगडकरांनी त्याला आपलं मानलंय. पण तो परत कुठून गेला? दाभोळहून! त्याने लिहून ठेवलंय, की दाभोळ हे फार मोठं बंदर, इथं भारताच्या आणि हबशांच्या मुलखाच्या सगळ्या किनाऱ्यांवरून लोक येतात. मिसर, अरबस्तान, खुरासान, तुर्कस्तानातून घोडे आणतात. इथंच त्याने होर्मुझपर्यंतचं भाडं ठरवलं, दोन सोन्याची नाणी. जहाज भरकटून आधी हबशांच्या किनाऱ्याला लागलं, मग मस्कत, होर्मुझ, इराण ओलांडून काळा समुद्र. घरी काही तो पोहोचला नाही, वाटेत स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. पण वही पोहोचली.

मला निकितीन आवडतो, कारण तो राजदूत नाही, पंडित नाही. तो घोडा विकायला आलेला, नफा न झालेला माणूस आहे. असा माणूस बंदराला ‘फार मोठं’ म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

घोडे का एवढे? दख्खनची सगळी राज्यं घोडदळावर लढायची, आणि चांगला घोडा इथल्या हवेत पैदा होत नसे. बहमनी सुलतानांना घोडे लागत, विजयनगरला लागत. म्हणजे जहाजातून घोडा उतरवायचा, खाडीने आत न्यायचा, कुंभार्ली चढवायचा. उलट दिशेने घाटावरचं कापड आणि धान्य खाली. आणि पश्चिमेकडून घोड्यांशिवाय आणखी एक गोष्ट यायची, ती मात्र नीट ऐका. तांबं, पारा आणि हिंगूळ. दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज लेखक १५१५च्या सुमारास दाभोळच्या बाजारात याच तीन वस्तूंची मोठी विक्री नोंदवतो.

तांबं आणि पारा कुठला? युरोपातला. व्हेनिसचे व्यापारी तो अलेक्झांड्रियाला आणत, बदल्यात मिरी, सुंठ, दालचिनी घेत. अलेक्झांड्रियाहून कैरो, मग उंटावरून तांबडा समुद्र, मक्केच्या बंदरावर, तिथून जहाजाने दाभोळ, कालिकत, खंबायत. म्हणजे त्या काळी कऱ्हाडच्या तांबटाच्या हातोडीखालचा एखादा पत्रा भूमध्य समुद्र ओलांडून आलेला असू शकत होता. आपण ‘कोकणातलं एक बंदर’ म्हणतो, पण त्या काळच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात व्हेनिस आणि दाभोळ ही एकाच लांब दोरीची दोन गाठी होती.

ती दोरी १४९८ मध्ये वास्को द गामाने कापायला घेतली. आफ्रिकेला वळसा घालून पोर्तुगीज थेट मलबारात आले. पाच-सहा वर्षांत परिणाम दिसला: १५०४ मध्ये व्हेनिसची जहाजं अलेक्झांड्रियाहून जवळपास रिकामी परतली. मसाला आलाच नव्हता. व्हेनिसने कैरोच्या मामलूक सुलतानाकडे दूत पाठवले, की काहीतरी करा. सुलतान कानसूह अल-घूरीचंही उत्पन्न बुडत होतं, जकात त्याचीच. त्याने सुएझला आरमार बांधायला काढलं. इजिप्तमध्ये जहाजाचं लाकूड नाही, ते भूमध्य समुद्रापलीकडून आणावं लागायचं. म्हणजे बघा, आपल्या समुद्रात लढायला आलेली ती जहाजं लाकडासकट परकी होती.

हे आरमार अमीर हुसेन नावाच्या सरदाराच्या हाताखाली दीवला आलं. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत त्याने आणि दीवच्या मलिक अयाझने पोर्तुगीजांना गाठलं. त्या लढाईत लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. हा कोण? पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा.

बापाने सूड घ्यायचं ठरवलं. त्याच्या जागी आल्बुकर्कला नेमल्याचा हुकूम घेऊन खुद्द आल्बुकर्क आला होता. आल्मेदाने सूत्रं द्यायला साफ नकार दिला. आधी मुलाचा हिशोब, मग कारभार. डिसेंबर १५०८ मध्ये तो कण्णूरहून उत्तरेला निघाला. दीवला जायचं होतं, इजिप्तचं आरमार तिथं. वाटेत दाभोळ.

वर्ष संपता संपता, डिसेंबरच्या अखेरीस, पोर्तुगीज या खाडीत शिरले. तुम्ही फेरीबोटीने ओलांडली तीच ही खाडी. शहराची राखण चांगली होती. काठावर लाकडी कोट, खंदक, तोफा. पोर्तुगीज तुकड्या करून उतरले. कोट पडला आणि मग जे झालं ते पोर्तुगीजांच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. बायका, मुलं, म्हातारे, कुणालाही सोडलं नाही, जनावरंसुद्धा. शिपाई लुटीत गुंतून पडतील म्हणून आल्मेदाने शहराला आग लावायला सांगितली. त्यांच्याच लेखनात असंही येतं, की त्यानंतर किनाऱ्यावर लोक एकमेकांना शिव्याशाप देताना फिरंग्यांचा कोप दाभोळवर झाला तसा तुझ्यावर होवो, असं म्हणू लागले. तिथून आल्मेदा दीवला गेला, आणि ३ फेब्रुवारी १५०९ ला त्याने अमीर हुसेनचं आरमार मोडलं. पुढे शतकभर अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चालला, आणि आठ वर्षांनी तुर्कांनी कैरोच घेतलं.

दीवची लढाई शाळेच्या पुस्तकात असते. दाभोळ नसतं. लढाईत जिंकणारा-हरणारा असतो, म्हणून ती लक्षात राहते. चौलला मारला गेलेला मुलगा आणि दाभोळात राहणारी माणसं यांचा संबंध काय? गावावर आदिलशहाचा अंमल, तो इजिप्तच्या बाजूचा असा संशय, आणि गाव वाटेत पडलं, एवढाच. मशिदीच्या जोत्यावर बसून खाडीकडे बघताना मी हे सगळं जुळवत होतो, आणि मला सगळ्यात खटकली ती गोष्ट वेगळीच: गावात या घटनेची एकही खूण नाही. दगड नाही, पाटी नाही. हजारोंनी मारल्या गेलेल्या लोकांचं गावात काहीही नाही, आणि ज्याने हे केलं त्याच्याबद्दल लिस्बनमध्ये पुस्तकं आहेत. पाटी लावायला फार खर्च येत नाही हो. फेरीबोटीच्या रांगेत लोक अर्धा-अर्धा तास उभे असतात, वाचतील तरी.

बरं. इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, कळलं, दाभोळ पोर्तुगीजांनी संपवलं. बहुतेक लेखांत, व्हिडिओंत हेच सांगतात. पूर्वी वैभवशाली बंदर, मग फिरंगी आले, जाळलं, संपलं. ऐकायला सोपं आहे. माझं म्हणणं, ते खरं नाही.

मघाशी बार्बोझाचा उल्लेख केला. त्याने तांब्या-पाऱ्याचा बाजार लिहिला तो आगीनंतर काही वर्षांनी. तोच सांगतो, की शहर उद्ध्वस्त झालं होतं, पण पुन्हा वसलंय आणि व्यापार चालू आहे. पोर्तुगीजांनी दाभोळवर पुढेही हल्ले केले, आणि दाभोळ पुढेही उभं राहिलं. इथले व्यापारी व्यवहारी होते. पोर्तुगीजांचा परवाना काढायचा, पैसे मोजायचे आणि मोख्याला जायचं. १६१२ मध्ये इंग्रज कप्तान हेन्री मिडलटन दाभोळला येऊन व्यापार करून गेला, आणि त्याच वर्षी त्याने तांबड्या समुद्रात जाऊन हिंदुस्थानातून आलेली जहाजं अडवली. म्हणजे आग लागून शंभर वर्षं उलटली तरी ज्याच्यासाठी मुद्दाम थांबावं असं हे बंदर होतं. आणि आज गावातली सगळ्यात देखणी इमारत, ही मशीद, ती आगीनंतर दीडशे वर्षांनी बांधलेली आहे! संपलेल्या बंदरात कुणी राजघराण्याचा पैसा असा ओतत नाही.

मग संपवलं कुणी? पुन्हा खाडी आणि घाटाकडे बघा. बंदर जाळता येतं, ते परत बांधताही येतं. लाकूड, नारळ, माणसं मिळतात. पण बंदराच्या मागे जे शहर माल मागतं, ते गेलं तर? १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकलं. घोडे मागणारा, रेशीम मागणारा, हजला जहाज पाठवणारा दरबारच उरला नाही. कुंभार्लीची वाट तशीच होती, वाशिष्ठीचं पाणी तसंच होतं, पण वरच्या टोकाला गिऱ्हाईक नव्हतं. त्यानंतरची वर्षं धामधुमीची. समोरचं अंजनवेल काही काळ सिद्दीकडे, मग अठराव्या शतकाच्या मध्यात तुळाजी आंग्र्यांकडे, मग पेशव्यांकडे. खाडीचं मुख लष्करी जागा झालं. आणि तोवर मुंबई वाढत होती. १८१८ नंतर सगळ्या वाटा मुंबईकडे वळल्या, जिल्ह्याचं ठाणं रत्नागिरीला आलं, आणि दाभोळच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा मोठ्या जहाजांना नकोसा वाटू लागला.

हे मला पोर्तुगीजांच्या आगीइतकंच गंभीर वाटतं, फक्त त्यात चित्र काढण्यासारखं काही नाही. एखाद्या रात्री जळण्यापेक्षा पन्नास वर्षं हळूहळू गिऱ्हाईक कमी होत जाणं. गाव सोडून जाणारी पहिली पेढी कोणाची असेल? दुसऱ्या वर्षी किती गेल्या असतील? अशा गोष्टींना तारीख नसते, त्यामुळे आपण त्यांची गोष्ट सांगत नाही.

दाभोळचं शेवटचं मोठं काम तुमच्या-माझ्या आजी-आजोबांना आठवत असेल. मुंबईची बोट! हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बोट लागायची. चिपळूणकडचा चाकरमानी खाडीतून लाँचने दाभोळला यायचा, मग पडावातून बोटीपर्यंत, मग वर चढायचं. ओकाऱ्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, पोरांची रडारड. ‘बोट लागली का’ याचे दोन्ही अर्थ त्या पिढीला ठाऊक होते. ज्या खाडीने अरबी घोडे आत नेले, तिनेच गिरणीत कामाला जाणारी पोरं बाहेर नेली. महामार्ग आणि एसटीने ते कामही काढून घेतलं.

दुपारचं जेवण उरकून चंडिकादेवीला जायला विसरू नका. हे देऊळ जमिनीखाली, खडकातल्या गुहेत. वाकून शिरावं लागतं. आत विजेचा दिवा नाही, समईचाच उजेड. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेलात की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, मग हळूहळू देवीचा मुखवटा उमटायला लागतो. फोटो काढायचा नाही, ते बरंच आहे. धक्क्यावरची मशीद आल्या-गेल्याला दिसावी म्हणून बांधलेली. ही देवी कुणाला दिसू नये अशी बसलेली. वर मोठमोठी राज्यं येत-जात असताना गावातली मंडळी इथं तेल घालत राहिली असतील. हा माझा भाविकपणा समजा हवं तर.

संध्याकाळी मशिदीच्या अंगणात परत आलो तेव्हा ओहोटी लागली होती. होड्या काठाच्या चिखलात कलत्या झालेल्या, पोरं खेकडे शोधत होती. तुम्ही गेलात तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. मशिदीत नमाजाच्या वेळा सांभाळा, आत जायच्या आधी विचारा, चपला खाली काढा. आणि परतीची शेवटची फेरीबोट किती वाजता, ते सकाळी उतरल्या उतरल्याच धक्क्यावर विचारून ठेवा, नाहीतर चिपळूणला वळसा घालून रत्नागिरी गाठेपर्यंत रात्र होते.

या भागाबद्दल काही सांगायचं असेल, विशेषतः घरात कुणी त्या बोटीने प्रवास केलेला असेल, तर जरूर कळवा. आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर फारच उत्तम. पुढच्या भागात आपण घोड्यांच्या मागे मागे जाणार आहोत: गोवळकोटहून कुंभार्ली चढून कऱ्हाडपर्यंत.